नव्या रेडिओलेरियाचे नाव ठरवण्यापूर्वी

अंदमानच्या मायोसीन (सुमारे २.३ कोटी ते ५३ लाख वर्षांपूर्वीच्या) खडकात रेडिओलेरियाची, म्हणजे सिलिकाचा सांगाडा असलेल्या सूक्ष्म एकपेशीय सागरी जीवांची, नवी जात सापडल्याचे तुम्ही नांदेडहून कळवलेत, आनंद झाला. पण नावाची घाई करू नका. आपल्या मराठवाड्यात पायाखाली बहुतेक काळा बसाल्ट, त्यामुळे हे सागरी जीव इथे विहीर खणून मिळायचे नाहीत. हाती असलेला चिमूटभर गाळ जपून वापरा.

एकाच सांगाड्यावर जात उभी करू नये. उमेदवारीच्या काळात मी शिखरावर काटा नसलेला एक नमुना नवी जात म्हणून महिनाभर मिरवला. पुढे ओल्या कुंचल्याच्या टोकाने तो कलता करून पाहिला, तेव्हा काटा मोडल्याची खडबडीत कड दिसली. म्हणून पंचवीस-तीस सांगाडे वेचा, त्यांची उंची, रुंदी आणि छिद्रांच्या ओळी मोजा, आणि जवळच्या जातीपासूनचा फरक आकड्यांत मांडा. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक पृष्ठभाग सुरेख दाखवतो, पण आतल्या काट्यांची जोडणी पाहायला साध्या प्रकाशातली काचपट्टीच लागते.

जुने वाङ्मय कंटाळा न करता चाळा. जर्मन जीवशास्त्रज्ञ हेकेलने चॅलेंजर जहाजाच्या सागरी संशोधन मोहिमेच्या १८८७ च्या अहवालात ३,५०० हून अधिक नव्या जाती वर्णिल्या आणि त्यांतल्या कित्येक पुढे एकच ठरल्या. तुमची ‘नवी’ जात तिथे आधीच बसलेली असू शकते.

होलोटाइप, म्हणजे जातीच्या नावाचा आधार ठरणारा एकमेव नमुना, कोणता आणि तो कोणत्या संग्रहात ठेवला, हे लेखात स्पष्ट लिहा. नियतकालिक केवळ ऑनलाइन असेल, तर २०१२ पासून झूबँक या प्राणिनामांच्या अधिकृत ऑनलाइन नोंदवहीतील नोंदही आवश्यक आहे. नाव विशेषण असल्यास त्याचे लिंग प्रजातीच्या (genus) नावाशी जुळवा.