एकाच माहितीपटाला ‘थरारक’ आणि ‘प्रचारकी’?

प्रश्न असा आहे: ‘द कोव्ह’ या माहितीपटाला एका परीक्षणात ‘थरारक’ म्हटले होते, दुसऱ्यात ‘प्रचारकी’. ‘प्रचारकी’ म्हणजे दोषच दाखवायचा असतो का? आणि दोष द्यायचा नसेल, तर कोणता शब्द वापरावा?

‘प्रचारक’ला ‘ई’ लागून ‘प्रचारकी’ झाला. फोड केली तर अर्थ निरुपद्रवी आहे: प्रचारकाचा, प्रचारकाला शोभेल असा. वापरात मात्र तो तसा राहिलेला नाही. ‘नाट्यमय’ आणि ‘नाटकी’ शेजारी ठेवून पाहा. प्रसंग नाट्यमय असतो, रडणे नाटकी असते. ‘पुस्तकी’ ज्ञानाचीही तीच गत. ‘प्रचारकी थाटाचे लेखन’ असे म्हणणारा समीक्षक नापसंतीच नोंदवत असतो. मत आधी ठरले आणि माणसे त्याच्या सोयीने उभी केली, अशी त्याची तक्रार असते. नुसता हेतू सांगायचा असेल तर ‘प्रचारपर’ किंवा ‘प्रचारात्मक’ पुरे.

आता ‘थरारक’. थरथर, थरकाप, थरार ही सगळी अंगावर उमटणारी गोष्ट आहे. म्हणजे हे विशेषण पाहणाऱ्याचे काय होते ते सांगते. दिग्दर्शकाने काय केले ते सांगायला ‘थरारपटाच्या बांधणीचा’ असे म्हणावे लागेल, आणि इथे तेच नेमके आहे. लुई सिहोयोस यांचा हा २००९चा माहितीपट जपानमधल्या ताइजी येथील डॉल्फिनच्या शिकारीविरुद्ध आहे. ज्या लहानशा खाडीत डॉल्फिन मारले जातात तिथे बाहेरच्यांना मज्जाव. म्हणून खोटे दगड बनवून त्यांत कॅमेरे लपवले, आणि मंडळी रात्री अंधारात ते ठेवायला गेली. उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्यातून माणसांच्या फिकट आकृत्या हलताना दिसतात. पाहणाराही श्वास रोखून बसतो. मग त्या दगडांनी टिपलेले लाल झालेले पाणी दिसते.

या बांधणीची समीक्षकांनी भरभरून वाखाणणी केली. २०१०चे ऑस्करही मिळाले. तक्रार झाली ती एकांगीपणाची: तिथले मच्छीमार फक्त खलनायक म्हणून येतात, त्यांचे म्हणणे जवळजवळ नाहीच. मला वाटते, स्तुती आणि तक्रार एकाच गोष्टीवर बोट ठेवतात. थरारपटाला पहारेकरी लागतो, शत्रू लागतो. ती बांधणी निवडली की समोरच्याचे म्हणणे शांतपणे ऐकायला जागा उरत नाही.

‘माहितीपट’ या शब्दाचाही यात हात आहे. ‘माहिती’ म्हटले की आपण तटस्थपणाची अपेक्षा धरतो. जुना ‘बोधपट’ निदान काहीतरी पटवून द्यायचे आहे हे लपवत नव्हता. ‘माहितीपट’ आता रुळला आहे, तो सोडा असे मी म्हणणार नाही. पण त्या नावाच्या भरवशावर चित्रपटाकडून निःपक्षपाताची हमी मागू नये.

तुम्हाला हवा असलेला शब्द माझ्या मते ‘पक्षधर’. ‘पक्षपाती’ माणूस न्याय द्यायच्या जागेवर बसून झुकते माप देतो. ‘पक्षधर’ आपली बाजू सांगून उभा राहतो. या माहितीपटात रिक ओ’बॅरी आहेत. त्यांनी ‘फ्लिपर’ या दूरचित्रवाणी मालिकेसाठी डॉल्फिन पकडून शिकवले आणि नंतर डॉल्फिनच्या सुटकेसाठी आयुष्य वाहिले. शेवटाकडे ते छातीवर पडदा बांधून व्हेलच्या शिकारीचे नियमन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय व्हेलिंग आयोगाच्या बैठकीत शिरतात. पडद्यावर खाडीतली ती दृश्ये चालू असतात आणि ते न बोलता प्रतिनिधींसमोरून फिरतात. इतक्या उघडपणे केलेल्या गोष्टीला ‘पक्षपाती’ म्हणता येत नाही. मच्छीमारांच्या चित्रणाला मात्र मी ‘प्रचारकी’ हाच शब्द ठेवीन.