सही मुलाची, डोकं वडलांचं

प्रश्न : आम्ही गंगाखेडचे. वडील ६४ वर्षांचे. डोकेदुखीसाठी छत्रपती संभाजीनगरच्या एका खासगी दवाखान्यात त्यांची मेंदूची अँजिओग्राफी केली. टेबलावरून उतरवलं तर उजवा हात-पाय लुळा. डॉक्टर म्हणतात, "असं होऊ शकतं, तुम्ही सही केलीय." सही मी केली, फॉर्म इंग्रजीत होता. आदल्या संध्याकाळची गोष्ट, वडील शेजारीच चहा पीत होते. केस होते का?

उत्तर : आधी कडू ते सांगतो. या तपासणीत जांघेतल्या किंवा मनगटातल्या धमनीतून नळी मानेपर्यंत नेऊन, एक्स-रेत रक्तवाहिन्या दिसाव्यात म्हणून डाय सोडतात. नळीच्या टोकाला गुठळी धरली, धमनीच्या भिंतीवरचा थर सुटून वर गेला, तर लकवा होतो. निष्णात डॉक्टरच्या हातूनही होतो. त्यामुळे नुसत्या लकव्यावरून हलगर्जी सिद्ध होत नाही. पोलीस ठाण्याच्या चकरा तर मारूच नका. सर्वोच्च न्यायालयाच्या जेकब मॅथ्यू निकालापासून (२००५) फौजदारीला घोर निष्काळजीपणा लागतो.

पण तो चहा! चहा पिणारा माणूस शुद्धीवर असतो, आणि शुद्धीवरच्या सज्ञान रुग्णाची संमती त्याची त्यानेच द्यायची असते. समीरा कोहली प्रकरणात (२००८) सर्वोच्च न्यायालयाने सज्ञान रुग्णाऐवजी तिच्या आईने दिलेली संमतीसुद्धा मानली नाही. धोके आणि दुसरे पर्याय सांगणंही त्याच निकालात आलं. नळी न घालता सीटी किंवा एमआर अँजिओग्राफी होते, हे वडलांना कुणी सांगितलं होतं का? दवाखाना म्हणेल, धोका दुर्मिळ होता, सांगायची गरज नव्हती. खरी झुंज तिथेच होईल. आणि मोठ्या रकमेची आस धरू नका; समीरा कोहलींना भरपाई मिळाली ती २५,००० रुपये.

दुसरा धागा नर्सच्या नोंदींत सापडेल. हात उचलत नाही हे किती वाजता लिहिलंय आणि पुढचा सीटी किती वाजता झाला? मध्ये तासन्तास गेले असतील, तर तुमची बाजू संमतीपेक्षाही तिथे भक्कम होईल. म्हणून संपूर्ण केसपेपर लेखी अर्ज देऊन मागा, पोच घ्या. ७२ तासांत द्यायला ते बांधील आहेत. मग ते कागद दुसऱ्या न्यूरॉलॉजिस्टला दाखवा.

तक्रार तुमच्या परभणीच्या जिल्हा ग्राहक आयोगातही करता येते, घटनेपासून दोन वर्षांच्या आत. वडलांना समजत-बोलता येत असेल तर अर्जावर सही नाहीतर अंगठा त्यांचाच घ्या. या वेळी तरी.