शिस्त लावतात, नेम धरतात

प्रश्न : लातूरला आमच्या अभ्यासिकेच्या भिंतीवर ‘दिरंगाई सोडा, स्वयंशिस्त जोडा’ असं लिहिलंय. मित्र म्हणतो, ‘स्वयंशिस्त’ अशुद्ध आहे, ‘आत्मानुशासन’ पाहिजे. तसंच दिरंगाई, चालढकल आणि टाळाटाळ यांत काही फरक आहे का?

उत्तर : आहे, आणि तो न पाळणाऱ्यांनी वैताग आणलाय. ‘माझ्याकडून अभ्यासात दिरंगाई होते’ असं पोरं बिनदिक्कत म्हणतात. अरे, तू काय तहसील कार्यालय आहेस? दिरंगाई करायला आधी कुणाचा तरी अर्ज तुमच्या टेबलावर पडून असावा लागतो. फारसीत ‘दिरंग’ म्हणजे नुसता उशीर, पण मराठीत आल्यावर हा शब्द कचेरीत शिरला आणि तिथंच मुक्कामाला राहिला. महाराष्ट्राच्या २००५ च्या कायद्याच्या लांबलचक नावात ‘शासकीय कर्तव्ये पार पाडताना होणाऱ्या विलंबास प्रतिबंध’ असे शब्द आहेत. लोकांनी ते बाजूला ठेवून त्याला सरळ ‘दफ्तर दिरंगाई कायदा’ करून टाकलं. कोणतीही फाईल एका कर्मचाऱ्याकडं कामकाजाच्या ७ दिवसांपेक्षा जास्त अडकू नये, असं तो सांगतो. तुमच्या इतिहासाच्या पुस्तकाला हे कलम लागू नाही. तिथं होते ती चालढकल.

टाळाटाळ करायला समोर माणूस लागतो : उसने पैसे मागणारा, लग्नाचं विचारणारी मावशी. चालढकलीला नुसतं कॅलेंडर पुरतं. आणि अभ्यासिकेत खरं जे चालतं त्याचं नाव टंगळमंगळ. वेळापत्रक तीन रंगांत आखायचं, पेनांची टोपणं नीट लावायची, मग चहाला जायचं. माणूस जागेवर बसलेला दिसतो, काम मात्र तसूभर हलत नाही. ‘प्रोक्रॅस्टिनेशनला मराठीत शब्दच नाही’ असं म्हणणाऱ्यांनी हा शब्द एकदा स्वतःवर लावून बघावा.

झालं. आता शिस्त.

शिस्तीविषयी एक व्युत्पत्ती सर्रास फिरते, आणि ती व्याख्यानांतून ठोकून देणारे विद्वान मराठवाड्यातही कमी नाहीत : संस्कृत ‘शास्’ धातू, त्यावरून शासन, शिष्य, शिष्ट, आणि ‘शिष्ट’वरून शिस्त. ऐकायला गोड आहे, पण चूक आहे. ‘ष्ट’ आणि ‘ष्ठ’ मराठीच्या जात्यातून निघताना ‘ठ’ होतात, फार तर ‘ट’. मुष्टीची मूठ झाली, दृष्टीची दीठ, ओष्ठाचा ओठ, अंगुष्ठाचा अंगठा. ‘शिष्ट’ झिजला असता तर शीठ झाला असता, शिस्त नव्हे. मुळात ‘स्त’ हे जोडाक्षर मराठीच्या जिभेला मानवत नाही. हस्ताचा आपण हात केला, हस्तीचा हत्ती, मस्तकाचा माथा, पुस्तकाची पोथी. ज्या घरगुती शब्दांच्या शेवटी ‘स्त’ ठणठणीत उभा आहे त्यांची यादी करा : दोस्त, मस्त, चुस्त, दुरुस्त, रास्त, बंदोबस्त. सगळे फारसी. सुस्तसुद्धा. म्हणजे सुस्ती आणि शिस्त दोघी एकाच काफिल्यातून दख्खनेत उतरल्या, याची गंमत त्या व्याख्यात्यांना कधी कळायची?

फारसीत मूळ शब्द आहे ‘शस्त’. अर्थ अंगठा. तुर्की-इराणी तिरंदाज प्रत्यंचा बोटांनी नव्हे, अंगठ्यानं ओढत. दोरीनं कातडं सोलू नये म्हणून अंगठ्यात हाडाची किंवा दगडाची जाड अंगठी घालत, मोठे सरदार संगेयशबाची, म्हणजे जेड या मौल्यवान दगडाची. त्या अंगठीलाही शस्त म्हणत. मासे धरायच्या गळालाही शस्तच. अंगठीवरून शब्द सरकला तो नेमावर : उर्दूत ‘शस्त बांधना’ म्हणजे नेम धरणं. मराठीतही शिस्त आली ती याच अर्थानं, बंदुकीची शिस्त धरायची म्हणून. दौलताबादच्या किल्ल्यावर मेंढा तोफ बघितली असेल. मागच्या बाजूला मेंढ्याचं तोंड आहे, म्हणून ते नाव. एवढं धूड दारूगोळा ठासून भागत नाही, त्याला शिस्त लागते. या वाक्यात शिस्त म्हणजे सकाळी पाचला उठणं नव्हे!

मग नेमाची व्यवस्था कशी झाली? कोशवाले इथं फौजेकडं बोट दाखवून मोकळे होतात : सैनिक, कवायत, रांग, शिस्त. मला हे पटत नाही. माझा तर्क जमीन मोजणीचा आहे. मोजणी करताना सरळ रेघ धरायच्या, म्हणजे सीध बघायच्या नळीला किंवा दुर्बिणीला हिंदीत ‘शिस्त’ म्हटलेलं आहे. नेम म्हणजे डोळ्यापासून लक्ष्यापर्यंतची सरळ रेघ. त्या रेघेत आलं ते शिस्तीत, बाहेर गेलं ते वाकडं. जमिनीच्या मोजणीवर आणि प्रतीवर सारा बांधणारा मलिक अंबर आमच्याच खडकीत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, बसून कारभार करत होता. पुढं १९४८ पर्यंत आमचा महसूल निजामाच्या अमलाखाली राहिला. पुण्याकडं मामलेदार कचेरी होती तेव्हा आमच्याकडं तहसील होती. अशा मुलखात मोजणीदाराचा शब्द बांधावरून घरात यायला काय वेळ? आणि बोलीच साक्ष देते. ‘शिस्तीत जा’, ‘शिस्तीत सांगतो, ऐक’, ‘काम कसं शिस्तीत झालं’. यात कुठं छडी आहे? सगळीकडं सरळपणा आहे, आडवंतिडवं न जाणं आहे. छडी आली ती ‘शिस्त लावणे’मध्ये, आणि ती मास्तरांनी आणली.

आता तुमच्या मित्राकडं वळतो. संस्कृत अधिक फारसी म्हणून ‘स्वयंशिस्त’ अशुद्ध, हा आक्षेप मला चालत नाही. या वादात कवी माधव जूलियन यांचं नाव हमखास निघतं. १९२५ मध्ये फारसी-मराठी कोश करणाऱ्या याच माणसानं पुढं भाषाशुद्धीची बाजू घेऊन १९३८ मध्ये आख्खं पुस्तक लिहिलं. शुद्धीवाले दुसरं पुस्तक दाखवतात, मी पहिलं उघडतो. ‘आत्मानुशासना’त आत्मा आहे आणि शासन आहे, पण ते बोलणारं माणूस मला अजून भेटायचं आहे. एवढीच संस्कृतची हौस असेल तर चालढकल करणाऱ्याला गीतेतला ‘दीर्घसूत्री’ म्हणा. अठराव्या अध्यायात तो तामस कर्त्याच्या लक्षणांत बसलाय. पण तिथंही आचार्यांचं एकमत नाही. शंकराचार्य म्हणतात, जे आज किंवा उद्या करायचं ते जो महिन्यानंही करत नाही तो. रामानुजाचार्यांना त्याच शब्दात दुसऱ्याचं दीर्घकाळ वाईट चिंतणारा माणूस दिसतो. मी इथं बेधडक शंकराचार्यांच्या बाजूचा, कारण महाभारतातल्या तीन माशांच्या गोष्टीत दीर्घसूत्र नावाचा मासा कुणाचं वाईट चिंतत नाही. बिचारा ‘बघू’ म्हणत तळ्यात थांबतो आणि कोळ्याच्या हाती लागतो. बाकी शब्दशः लांब सूत्र बघायचं तर आमच्या अंबाजोगाईच्या संतकवी दासोपंतांची पासोडी बघा. लांबच लांब कापड, त्यावर ‘पंचीकरण’ हा वेदान्ताचा ग्रंथ लिहून काढलेला. त्यांना दीर्घसूत्री म्हणायची कुणाची छाती आहे?

‘स्वयंशिस्त’वर माझा आक्षेप वेगळा आहे, आणि तो व्याकरणाचा आहे. शिस्त आपण ‘लावतो’, आणि लावतो ती दुसऱ्याला : पोरांना, रांगेला, वेलीला सुद्धा. क्रियापदच बाहेरचं माणूस मागतं. म्हणून स्वतःपुरती म्हणायची वेळ आली की आधी ‘स्वयं’चं ठिगळ जोडावं लागतं. मराठीत त्या जागी बिनठिगळाचा शब्द आहे : नेम. एकादशीचा नेम, हरिपाठाचा नेम, पहाटे उठून दोन पानं वाचायचा नेम. नेम ज्याचा त्यानं धरायचा असतो. ‘मी पोराला नेम लावला’ असं कुणी म्हणत नाही, म्हणताच येत नाही. आषाढीला पैठणहून निघणाऱ्या नाथांच्या पालखीबरोबर चालणाऱ्या म्हातारीला विचारा. ती ‘माझी स्वयंशिस्त आहे’ म्हणणार नाही. ‘माझा नेम हाय बाबा’ म्हणेल.

आणि इथंच तो चमत्कार आहे ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं. नेम आला संस्कृत ‘नियम’मधून, आणि मराठीत येऊन त्याचा अर्थ झाला बंदुकीचा, गलोलीचा रोख. शस्त आली तिरंदाजाच्या अंगठ्यातून, आणि मराठीत येऊन तिचा अर्थ झाला नियम. दोन शब्द, दोन भाषा, उलट्या दिशांनी निघाले आणि एकमेकांच्या घरात जाऊन बसले. ‘नेम चुकला’ म्हटल्यावर पोपट उडून गेला की पहाटेचा अभ्यास बुडाला, हे मागचं-पुढचं ऐकल्याशिवाय कळत नाही.

‘औंदा पावसाचा नेम नाही’ यातला नेम वेगळा म्हणून कुणी सांगू लागलं तर मानू नका. तोच तो. नेमणं म्हणजे ठरवणं. नेमणूक, नेमका, नेमून दिलेलं काम ही सगळी त्याचीच भावंडं, आणि पाऊस कुणी नेमून देत नाही, निदान आमच्याकडं तरी.

आणि आता कुणीतरी ‘नेमस्त’ शोधून काढून मला कोंडीत पकडणार, की बघा, संस्कृतातून आलेल्या शब्दात ‘स्त’ आहे, तुमचा नियम मोडला. नाही मोडला. तो ‘नियमस्थ’ आहे. गृहस्थाचा गिरस्त होतो तसा. तिथला ‘स्त’ हा दम गेलेला ‘स्थ’ आहे, त्याचा दोस्त-मस्तशी काडीचा संबंध नाही.