दोन लाख जास्त देऊन एडास घ्यावं का? क्लेम बघणाऱ्याच्या बाजूने उत्तर

मालक, तुमचा प्रश्न नीट वाचला. दर आठवड्याला सोलापूर-पुणे, परतताना बहुतेक वेळा रात्र, गाडीत कधी एकटे तर कधी घरची मंडळी. मधलं मॉडेल आणि वरचं मॉडेल यांत दोनेक लाखांचा फरक, कारण वरच्यात एडास आहे, म्हणजे कॅमेरा आणि रडारने पुढचा रस्ता बघून इशारा देणारी आणि गरज पडली तर स्वतः ब्रेक मारणारी सिस्टीम. शोरूममधला मुलगा सांगतोय की एडास असलं की अपघात निम्मे होतात आणि इन्शुरन्सही कमी बसतो. वर एका सदस्याने लिहिलंय की आपल्या रस्त्यांवर हे सगळं बिनकामाचं, पैसे वाचवा. आणि वडिलांच्या जुन्या गाडीला बाहेरून असं काही बसवता येईल का, हेही तुम्ही विचारलंय.

मी सोलापुरात वाहन विम्याचा सर्वेअर आहे. ठोकलेली गाडी वर्कशॉपला लागली की ती बघून नुकसान ठरवणं हे माझं रोजचं काम. त्या बाजूने सांगतो. ‘निम्मे’ हा आकडा खरा आहे, पण तो एकाच प्रकारच्या अपघाताचा आहे. इन्शुरन्स कमी बसतो हे चूक. आणि बिनकामाचं आहे हे मला अजिबात मान्य नाही.

निम्मे कुठून आलं ते आधी बघू. अमेरिकेत इन्शुरन्स कंपन्यांच्या पैशावर चालणाऱ्या दोन संस्था आहेत, इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टी आणि तिची जोडसंस्था हायवे लॉस डेटा इन्स्टिट्यूट. पहिली पोलिसांत नोंद झालेले अपघात तपासते, दुसरी क्लेम तपासते. सिस्टीम असलेल्या आणि नसलेल्या सारख्याच गाड्यांची तुलना त्या वर्षानुवर्षं करत आल्यात. समोरच्या गाडीला मागून ठोकण्याचे अपघात नुसता इशारा देणाऱ्या गाड्यांत 27 टक्के कमी निघाले, आणि इशारा देऊन स्वतः ब्रेक मारणाऱ्या गाड्यांत 50 टक्के. त्यातले माणसं जखमी झालेले अपघात वेगळे काढले तर या दोघांतला फरक आणखी वाढतो, इशाऱ्याने 20 टक्के कमी, ब्रेकने 56 टक्के.

हे आकडे मी गाडी घेणाऱ्या प्रत्येकाला सांगतो, कारण पैसे कशाला द्यायचे ते यातच आहे. ज्याचं लक्ष मोबाईलमध्ये आहे किंवा ज्याला टेंभुर्णीच्या पुढे डुलकी लागलीय, त्याला आवाज ऐकू येईपर्यंत, मान वर होईपर्यंत, पाय ब्रेकवर जाईपर्यंत गाडी कितीतरी पुढे गेलेली असते. स्वतः ब्रेक मारणारी गाडी त्याची वाट बघत नाही. लेन सुटली की वाजणाऱ्या इशाऱ्याचा फायदा त्या मानाने थोडा आहे. रस्ता सोडून जाणं, घासणं, समोरासमोर धडकणं असे अपघात 11 टक्के कमी. शिवाय लोक तो बंदच करून टाकतात. त्याच अमेरिकी संस्थेने सर्व्हिसिंगला आलेल्या होंडा गाड्या तपासल्या, तेव्हा जेमतेम एक तृतीयांश गाड्यांत हा इशारा चालू सापडला. बंद ठेवलेली सिस्टीम कुणाला वाचवणार?

आता तो 50 टक्क्यांचा आकडा क्लेमच्या फाईलपर्यंत येता येता किती उरतो ते बघा. त्याच ब्रेकवाल्या गाड्यांचे दुसऱ्याच्या वाहनाच्या नुकसानीचे क्लेम 14 टक्के घटले आणि दुसऱ्या गाडीतल्या माणसांच्या इजेचे 24 टक्के. कारण साधं आहे. क्लेम काही फक्त पुढच्याला ठोकल्याचे नसतात. गल्लीत आरसा घासतो, पार्किंगमध्ये खांब लागतो, आसरा चौकात बाजूने रिक्षा शिरते, मागून टेम्पो येऊन बसतो. यातल्या बहुतेक ठिकाणी पुढचा ब्रेक काही करू शकत नाही. आपल्या देशात 2022 साली 4,61,312 अपघात नोंदले गेले आणि 1,68,491 माणसं गेली. त्यात मागून धडकेचे अपघात साधारण पाचात एक. म्हणजे शोरूमवाल्याचं ‘निम्मे’ हे त्या पाचव्या हिश्शातलं आहे, तेही सगळ्या गाड्यांत सिस्टीम असती तर.

पण इजेचे क्लेम नुकसानीच्या क्लेमपेक्षा जास्त घटलेत, ते नजरेआड करू नका. धडकेची ताकद वेगाच्या वर्गाने वाढते. गाडी ताशी 80 वर असताना धडक पूर्ण टळली नाही, पण ब्रेकने वेग 40 वर आणला, तर ताकद निम्मी नव्हे, एक चतुर्थांश उरते. अशा गाड्या आता आमच्याकडे येतात. बंपर, बॉनेट, रेडिएटर गेलेला असतो, एस्टिमेट लाखाच्या घरात असतं, आणि मालक स्वतःच्या पायांनी वर्कशॉपमध्ये येऊन सही करतो. इन्शुरन्स कंपनीच्या हिशोबात हा क्लेमच, घरच्यांच्या हिशोबात नाही.

खर्चाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, कारण ती शोरूममध्ये कुणी सांगत नाही. मध्यंतरी एक गाडी बघितली. पुढच्या बंपरवर बोटभर ओरखडा, पेंटरने एका दुपारी काढला असता. मालकाची तक्रार एवढीच की क्रूझ (गाडीचा वेग आपोआप धरून ठेवणारी सोय) लागत नाही आणि डॅशबोर्डवर पिवळा दिवा आहे. बंपर खोलायला लावला तर आत रडारची पट्टी किंचित वाकलेली, डोळ्याला जेमतेम कळेल एवढी. रडार एका अंशाने जरी बाजूला बघायला लागलं, तरी 100 मीटरवर ते पावणेदोन मीटर चुकतं. म्हणजे जवळपास अर्धी लेन. मग पट्टी बदला, रडार तपासा, कॅलिब्रेशन करा, म्हणजे ते पुन्हा अचूक दिशेला लावा. ओरखड्याचं काम मोठ्या बिलाचं झालं. पुढच्या काचेचं तेच. आरशामागे कॅमेरा असेल तर काच बदलल्यावर कॅलिब्रेशन लागतंच, आणि त्याचं सामान इथल्या प्रत्येक वर्कशॉपकडे नाही.

म्हणून दोन गोष्टी करा. पॉलिसी झिरो डेप घ्या, म्हणजे पार्टच्या किमतीतून घसारा न कापणारी, कारण साध्या पॉलिसीत प्लास्टिक, रबर आणि एअरबॅगचे 50 टक्के पैसे कापले जातात आणि एडासची सगळी मांडामांड प्लास्टिकच्या बंपरमागेच असते. आणि क्लेम करताना कॅलिब्रेशन एस्टिमेटमध्ये वेगळं लिहून घ्या, काम झाल्यावर त्याचा रिपोर्ट मागा. रिपोर्ट नसेल तर गाडी ताब्यात घेऊ नका. बाहेरून चकचकीत झालेली पण चुकीच्या दिशेला बघणारी गाडी नेण्यापेक्षा आणखी दोन दिवस थांबलेलं बरं.

आता रात्रीचं. तुमच्या प्रश्नातला मला काळजीचा वाटलेला भाग हाच आहे. गाळप सुरू झालं की मोहोळपासून इंदापूरपर्यंत रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या असतात, एका ट्रॅक्टरला दोन-दोन. आरटीओ, पोलीस आणि कारखाने रिफ्लेक्टर लावतात, पण चिखलाने आणि पाचटाने ते झाकले जातात. मागचा ऊस ट्रॉलीच्या बाहेर आलेला असतो, आणि मागून येणाऱ्या गाडीला तो थेट काचेच्या उंचीवर लागतो. अशा धडकेच्या गाड्या मी बघितल्यात. बंपर जवळपास शाबूत, पुढचे दिवे शाबूत, आणि काच, छत, छत पेलणारे खांब चेपलेले. गाडीचा पुढचा भाग धडक झेलायला बनवलेला असतो, पण इथे तो ट्रॉलीखाली निघून गेलेला असतो. एअरबॅग उघडल्या तरी त्यांना वाचवायला जागा राहत नाही.

एडास इथे वाचवेल का? कधी वाचवेल, कधी नाही. जोरात जाताना रस्त्यावर उभ्या असलेल्या वस्तूंकडे बरीच रडार दुर्लक्ष करतात, नाहीतर प्रत्येक पूल आणि प्रत्येक फलक बघून गाडी ब्रेक मारत बसेल. कॅमेऱ्याला वस्तू ओळखायला उजेड लागतो. पायी चालणाऱ्यांचंच बघा. त्यांना ओळखून ब्रेक मारणाऱ्या गाड्यांनी अमेरिकेत पादचाऱ्यांचे अपघात 27 टक्के कमी केले, पण रस्त्यावर दिवे नसलेल्या अंधारात फरक काहीच दिसला नाही. कोजागिरीला आपल्या इथून तुळजापूरला रात्रभर माणसं चालत जातात, वारीच्या दिवसांत पंढरपूरचे रस्ते भरलेले असतात. तिथे डोळे तुमचेच लागणार.

हिशोब करून बघा. ताशी 100 ला गाडी सेकंदाला जवळपास 28 मीटर जाते. एक सेकंद माणसाला कळायला, आणि नंतर कोरड्या रस्त्यावर जोरात ब्रेक मारून थांबायला पन्नास-पंचावन्न मीटर. एकूण 80 मीटरच्या आसपास. ताशी 80 ला तेच साठच्या आत येतं. लो बीमवर रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली पन्नास-साठ मीटरवरच दिसते. म्हणजे गाळपाच्या दिवसांत रात्री 100 ने जाणारा माणूस दिसत नसलेल्या रस्त्यावर गाडी चालवत असतो, एडास असो वा नसो. तुम्ही पुण्याहून निघायची वेळ दोन तासांनी अलीकडे आणलीत तर त्याचा उपयोग कुठल्याही सेन्सरपेक्षा मोठा आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

हे म्हणतोय कारण नवीन सिस्टीम आली की माणूस तिच्या भरवशावर वेग वाढवतो. एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक मारला तरी चाक लॉक होऊ न देणारी सिस्टीम, नवीन होतं तेव्हा जर्मनीत म्युनिकच्या टॅक्सींवर अभ्यास झाला होता. एबीएसवाल्या टॅक्सींचे अपघात कमी झाले नाहीत, त्यांचे ड्रायव्हर जास्त जोरात चालवायला लागले होते. अमेरिकेतल्या क्लेमच्या आकड्यांतही कारच्या एबीएसने फारसा फरक दाखवला नाही. दुचाकीचं मात्र उलट आहे. तिथे एबीएसने मृत्यूचे अपघात ठळकपणे कमी केलेत, कारण पुढचं चाक लॉक झालं की दुचाकी पडतेच. 2022 मध्ये आपल्याकडे रस्त्यावर गेलेल्यांत 44 टक्के दुचाकीवरचे होते. घरात मुलासाठी दुचाकी घ्यायची असेल तर एबीएसवर तडजोड करू नका.

मग घ्यायचं काय? मी पहिला नंबर ईएससीला देईन, म्हणजे गाडी घसरायला लागली की एकेका चाकाला वेगळा ब्रेक लावून ती सरळ ठेवणारी सिस्टीम. एकट्याच गाडीच्या जीवघेण्या अपघातांचा धोका तिने जवळपास निम्म्यावर आणला, आणि तिला उजेड लागत नाही, लेनचे पट्टे लागत नाहीत, चिखलाने तिचा कॅमेरा झाकला जात नाही. मधल्या मॉडेलमध्ये ती आहे का, हे आधी बघा. नसेल तर मधलं मॉडेल विसरा.

ती दोन्हीत असेल, तर तुमच्यासारख्या दर आठवड्याला हायवेला जाणाऱ्याने आपोआप ब्रेकसाठी पैसे द्यावेत, असं मी म्हणेन. कर्जाचा हप्ता ताणून मात्र नको. घेताना विचारा की गाडी ब्रेक मारते की नुसती वाजते, किती वेगापर्यंत मारते, आणि दुचाकी ओळखते का. उत्तर तोंडी नको, ओनर मॅन्युअलमधलं पान दाखवायला सांगा. लेन असिस्ट, म्हणजे गाडी लेनमध्ये ठेवायला मदत करणारी सोय, त्रास देत असेल, पट्टे पुसलेल्या रस्त्यावर देईलच, तर तेवढंच बंद करा. पुष्कळ जण वैतागून मेनूमधलं सगळंच बंद करतात आणि त्यात ब्रेकही जातो. अजून एक. तुमची गाडी जागेवर थांबेल, पण मागचा लोड भरलेला ट्रक थांबणार नाही. मागे ट्रक चिकटला असेल तर पुढचं अंतर वाढवा किंवा त्याला जाऊ द्या.

ज्यांची गाडी सात रस्ता ते होटगी रोड एवढीच फिरते, त्यांनी एडाससाठी दोन लाख घालू नयेत. त्यांचं नुकसान रिव्हर्समध्ये होतं. रिव्हर्स कॅमेऱ्याने मागे घेतानाचे अपघात 17 टक्के कमी होतात, आणि कॅमेरा, सेन्सर यांच्या जोडीला मागचा आपोआप ब्रेक असेल तर 78 टक्के. माझ्या माहितीत एवढा मोठा आकडा दुसऱ्या कुठल्याच सिस्टीमचा नाही.

इन्शुरन्सचं थोडक्यात. थर्ड पार्टीचा हप्ता इंजिनच्या सीसीवर ठरतो, एडासचा त्याच्याशी संबंध नाही. ओन डॅमेजचा, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या विम्याचा, हप्ता गाडीच्या किमतीवर, म्हणजे वरचं मॉडेल घेतलं की तो वाढतोच. तुमचा खरा फायदा नो क्लेम बोनसचा. सलग पाच वर्षं क्लेम नसेल तर ओन डॅमेजमध्ये 50 टक्के सूट मिळते. म्हणून बारीकसारीक ओरखड्यांचे क्लेम करू नका.

वडिलांच्या गाडीला बाहेरून बसवायचे कॅमेरे मिळतात, पण ते फक्त वाजतात, ब्रेकला हात लावत नाहीत. तो पैसा चार चांगल्या टायरना, हेडलाइटच्या पिवळ्या पडलेल्या काचा बदलायला आणि वायपरला घाला. सीट कव्हर बसवलेलं असेल तर मागच्या सीटचे बकल त्याखाली दाबले गेलेत का बघा, तसे दाबलेले असतील तर आधी वर काढा आणि मागे बसणाऱ्यांना लावायला लावा. सप्टेंबर 2022 मध्ये पालघरजवळ उद्योगपती सायरस मिस्त्री अपघातात गेले, ते महागड्या गाडीत मागच्या सीटवर होते आणि बेल्ट लावलेला नव्हता.