वय वाढलं की कामात मन रमतं? तुझ्या सर्व्हेबद्दल थोडं

प्रिय दोस्ता,

बांधकामाच्या साइटवर कामातल्या समाधानाबद्दल तू माणसांकडून भरून घेतलेले फॉर्म रात्री बसून सगळे वाचले, दोनदा वाचले. पन्नाशीपुढचे मिस्त्री म्हणतायत काम बरं चाललंय आणि पंचविशीतली पोरं वैतागलेली, त्यावरून तू लिहून टाकलंस की वय वाढलं की माणूस कामात रमतो. एवढ्या लवकर शेवट लिहू नकोस रे.

म्हणजे तुझं साफ चुकलंय असं नाही. १९९६ साली क्लार्क, ऑस्वाल्ड आणि वॉर या तिघांनी ब्रिटनमधल्या पाच हजारांवर नोकरदारांची माहिती तपासली, त्यात दिसलं की सुरुवातीला समाधान बरं असतं, मग उतरतं, तिशीच्या आसपास तळ गाठतं आणि नंतर वर चढत जातं, इंग्रजी यू अक्षरासारखं. पण ते सगळ्या प्रकारचे नोकरदार होते, ऑफिसातले पण आले त्यात. आपल्या साइटवर वयाबरोबर एक गोष्ट होते जी टेबलावर काम करणाऱ्याच्या बाबतीत एवढी होत नाही, इथे शरीर खर्च होतं.

आता बघ, तू विचारलंस कुणाला? जे साइटवर हजर होते त्यांना. ज्याची कंबर गेली, ज्याचा हात खांद्याच्या वर जात नाही, फरशी बसवून बसवून ज्याचे गुडघे कामातून गेले तो तुझ्या फॉर्ममध्ये आहे कुठे? तो कधीच घरी गेला. पन्नाशीत टिकलेला माणूस हा गाळून उरलेला माणूस आहे आणि त्याचं उत्तर म्हणजे त्याच्या वयाच्या सगळ्यांचं उत्तर नाही. मला हे कळायला फार वर्षं लागली म्हणून तुला आत्ताच सांगतोय.

दुसरं म्हणजे हुद्दा. मी नवा असताना एका गिलाव्याच्या मिस्त्रीजवळ तासन्‌तास उभा राहायचो. भिंत पूर्ण झाली की तो पट्टी बाजूला ठेवायचा, डोळा भिंतीला लावून एका बाजूने बघायचा, मग तळहात सावकाश फिरवायचा आणि कुठे जरासं पोट आलेलं वाटलं की कुणी न सांगता पुन्हा रंधा घ्यायचा. त्याच भिंतीखाली त्याच्याच वयाचा एक बिगारी दिवसभर घमेली उचलत होता. भिंत तीच, वयही तेच, पण एकाला ती भिंत आपली वाटत होती आणि दुसऱ्याला संध्याकाळ कधी होते एवढंच दिसत होतं. मग वयाने काय केलं? मिस्त्रीला वयाबरोबर हातात कसब आलं, कामात त्याच्या शब्दाला मान आला, जड उचलायचं सुटलं. बिगाऱ्याला यातलं काहीच मिळालं नाही, फक्त वय मिळालं. तिशीनंतर दमसास दर दहा वर्षांनी साधारण दहा टक्क्यांनी उतरतो म्हणतात, सिमेंटची गोणी मात्र तेवढीच राहते. अमेरिकेतल्या नायॉश या कामगारांच्या सुरक्षेचं बघणाऱ्या संस्थेच्या सूत्रात सगळं अगदी सोयीचं असलं तरी उचलायचं वजन २३ किलोच्या वर धरत नाहीत, आणि आपल्याकडे पन्नास किलोची गोणी खांद्यावर घेऊन माणूस जिना चढतो.

म्हणून फॉर्ममध्ये वयाशेजारी तीन रकाने वाढव, काम कुठलं, किती वर्षं, आणि दिवसात किती वेळ वजन उचलतोस. नाहीतर चाळिशीचा बिगारी आणि चाळिशीचा मिस्त्री एकाच सरासरीत जातील आणि ती सरासरी दोघांचीही नसेल.

पोरांच्या वैतागाला पण हलकं घेऊ नकोस, नवी पिढी नाजूक आहे वगैरे लोक म्हणतात, मला ते अजिबात पटत नाही. १९७४ मध्ये बोर्चर्डिंग आणि ओगल्सबी यांनी बांधकामावरच्या माणसांबद्दल लिहिलं होतं की काम नीट चाललं, उभं राहिलेलं दिसलं की त्यांना समाधान मिळतं, आणि माल न आल्यामुळे बसून राहणं, केलेलं तोडून पुन्हा करणं अशानं ते वैतागतात. आपल्याकडे ताटकळत कोण बसतं, तोडायला कुणाला लावतात? सगळ्यात नव्या पोराला. आणि तोडायचं का ते त्याला कुणी सांगत पण नाही. हे तुझ्या हातात आहे, ड्रॉइंग बदललं की त्याला बोलावून कागद दाखव, दोन मिनिटं लागतात.

अजून एक, मुकादम शेजारी उभा असताना विचारलेलं काही धरू नकोस. उतारवयातल्या माणसाला उद्याचं काम जाईल ही धास्ती असते, तो ‘ठीक आहे साहेब’च म्हणणार. जेवणाच्या सुट्टीत त्याच्याजवळ बस, पेन खिशात ठेव आणि ‘समाधानी आहात का’ असं न विचारता ‘मुलाला या कामात आणाल का’ असं विचार. माझा तो मिस्त्री या प्रश्नावर बराच वेळ गप्प बसला होता आणि मग म्हणाला, मिस्त्री होणार असेल तर आणीन.

गेल्या पावसाळ्यात काम सोडून गेलेल्या, म्हणून तुझ्या फॉर्ममध्ये नसलेल्या त्या सळईच्या फिटरचा नंबर साइटवर कुणाकडे तरी असेलच. पहिला फोन त्याला कर, तो काय म्हणतो ते मला कळव, मग बाकीचे फॉर्म आपण बसून बघू.

तुझा,
दादा