हप्ता झेपतोय म्हणून दुसरी गाडी?

प्रश्न: आम्ही दोघं नोकरी करतो, हातात येणारा पगार जवळपास सारखा. घरातली गाडी नवरा वापरतो, त्याचं ऑफिस उलट्या दिशेला. माझं ऑफिस आता 7 किलोमीटरवर गेलंय. दुसरी गाडी घेतली तर 9 टक्क्यांनी 7 वर्षांचं कर्ज, हप्ता दोघांच्या मिळून पगाराच्या 12 टक्के. इंधन, विमा, सर्व्हिसिंग आणि भाड्याची पार्किंगची जागा मिळून हप्त्याच्या पाऊणपट. शिवाय एसआयपी (म्युच्युअल फंडातली दरमहाची गुंतवणूक) निम्मी करावी लागेल. नवरा म्हणतो, हप्ता झेपतोय, घेऊन टाकू. मला वाटतं बसचा पास आणि ई-सायकल पुरेल. बस दर 20 मिनिटांनी आहे, पास हप्त्याच्या आठव्या हिश्शाएवढा, ई-सायकल गाडीच्या चार हप्त्यांएवढ्या किमतीत येते. वाटेतल्या एका मोठ्या चौकाची मात्र भीती वाटते. इमारतीत सायकल स्टँडसाठी वर्गणी काढताहेत, तीही द्यावी का?

उत्तर: ताई, हप्ता झेपतो का हे बँक बघते, आणि होकार दिला की तिचं काम संपतं. तुम्हाला बघायचंय ते वेगळं आहे: गाडी सोय किती देते आणि त्या सोयीसाठी तुमचं काय काय जातं.

तुमचेच आकडे घेऊ. हप्ता 12 टक्के आणि त्याच्या पाऊणपट चालवण्याचा खर्च म्हणजे दोघांच्या पगाराचे 21 टक्के. पगार सारखे आहेत, म्हणजे हे तुमच्या एकटीच्या पगाराचे 42 टक्के झाले. महिन्यात कामाचे 22 दिवस धरले तर त्यातले सव्वानऊ दिवस तुम्ही ऑफिसला जाणार ते ऑफिसला नेणारी गाडी पोसायला. दिवसाचे आठ तास धरले तर सुमारे 74 तास.

आता बसमध्ये वेळ किती जातो ते बघू, कारण यजमानांचा पुढचा मुद्दा तोच असणार. थांब्यापर्यंत 6 मिनिटं चालणं, सरासरी 10 मिनिटं वाट बघणं, अर्धा तास प्रवास, उतरून 4 मिनिटं चालणं, असं मी धरतो. झाली 50 मिनिटं. गाडीने रहदारी आणि जागा शोधणं धरून 30 लागतील. फरक एका फेरीला 20 मिनिटांचा, महिन्याला पावणेपंधरा तासांचा. पासासाठी तुम्हाला राबावे लागणारे तास साधारण पाच. एकीकडे 74 तास, दुसरीकडे 20. वेळ वाचवायला म्हणून गाडी घ्यायची असेल तर हा हिशेब घरी टेबलावर ठेवा. आणि ई-सायकल ताशी 18 किलोमीटरने चालली तरी 7 किलोमीटरला 24 मिनिटंच लागतात, तिथे तर गाडीशी बरोबरीच आहे.

कर्जाचंही बघून टाकू. 9 टक्क्यांनी 7 वर्षांत 100 च्या कर्जाचे साधारण 135 फेडले जातात. गाडीची किंमत वर्षाला 15 टक्क्यांनी उतरते असं धरलं तर सातव्या वर्षाअखेर 100 ची गाडी 32 वर येते. आणि यासाठी तुम्ही निम्मी करणार ती एसआयपी, म्हणजे घरातली एकमेव गोष्ट जी वाढायची शक्यता आहे. हे मला सगळ्यात खटकलं.

आकड्यांपलीकडचं एक सांगतो, कारण ते स्वतः भोगलंय. आमच्याकडेही एकेकाळी दुसरी गाडी होती. गाडीचा बहुतेक खर्च घेतानाच ठरून जातो, म्हणून प्रत्येक पुढची फेरी फुकट वाटते. कोपऱ्यावर पोस्टात जायचं, काढा गाडी. पायी दहा मिनिटांचं अंतर आम्ही सहा महिन्यांत चालेनासे झालो. मग एकाचं काम घरून सुरू झालं आणि तीच गाडी कव्हरखाली उभी राहिली, दोनदा बॅटरी उतरली, विमा मात्र वेळेवर जात राहिला. विकली तेव्हा घरात कोणी हळहळलं नाही.

गंमत अशी की पासाचंही गणित हेच आहे, फक्त उलट दिशेने. पास काढला की पुढची फेरी फुकट, म्हणून माणूस बसने जातो. एकेक तिकीट काढणारा रोज नव्याने विचार करतो आणि कंटाळला की टॅक्सी बोलावतो. तेव्हा प्रयोग करायचा तर पास काढूनच करा.

वाट बघण्याबद्दलही थोडं. 20 मिनिटांना एक बस असेल आणि तुम्ही वेळ न बघता गेलात तर सरासरी 10 मिनिटं थांबावं लागतं. तेही बस नेमाने येत असतील तर. दोन बस एकामागोमाग आल्या आणि मग मोठा खंड पडला, तर सरासरी त्याहून वाढते, कारण आपण त्या मोठ्या खंडातच सापडण्याची शक्यता जास्त. म्हणून वेळापत्रक बघून निघा. बस भरायला लागल्या की फेऱ्या वाढवणं परवडतं, आणि फेऱ्या वाढल्या की आधीपासून जाणाऱ्यांचंही थांबणं कमी होतं. हर्बर्ट मोहरिंग या अर्थतज्ज्ञाने 1972 मध्ये हे नीट मांडलं होतं. दर 20 ची बस दर 10 ला आली की तुमची पाच मिनिटं वाचतात, ड्रायव्हरने जास्त वेगाने न हाकता. गाडीचं याच्या बरोबर उलट आहे: रस्त्यावर आलेली प्रत्येक जादा गाडी बाकीच्यांना थोडं मागे ढकलते. त्यामुळे तुमचा पास शेजारच्यांच्याही कामाचा आहे, हे घरात कंजूस म्हणवून घेताना लक्षात असू द्या!

आता चौक. इथे मी हिशेब बाजूला ठेवतो. आधी सुट्टीच्या दिवशी सकाळी ती वाट सायकलने करून बघा, मग कामाच्या दिवशी. आतल्या रस्त्याने एक किलोमीटर जास्त पडला तरी तोच घ्या. चौकात उतरून सायकल हातात धरून पादचाऱ्यांसारखं ओलांडा, त्यात कमीपणा नाही. तरीही धास्ती गेली नाही तर सायकल जवळच्या कामांपुरती ठेवा आणि ऑफिसला बसने जा. दिसेनासे झालेले झेब्राचे पट्टे आणि बंद सिग्नल यांबद्दल चार शेजाऱ्यांच्या सह्या घेऊन पालिकेला अर्ज द्या. एकट्याचा अर्ज आणि दहा जणांचा अर्ज यांत फरक पडतो, असा माझा अनुभव.

वर्गणी जरूर द्या. एका गाडीच्या जागेत सहज 8 ते 10 सायकली लागतात, म्हणजे इमारतीच्या दृष्टीने हा स्वस्तातला खर्च आहे. फक्त देण्याआधी दोन गोष्टी विचारा. चाक अडकवायचा नुसता खाचा आहे, की सायकलची फ्रेम कुलपाने बांधता येईल असा पक्का दांडा? दुसरा असेल तरच चोरीला थोडा आळा बसतो. आणि चार्जिंगची सोय कुठे? बॅटरी जिन्यात किंवा बाहेर पडायच्या वाटेवर चार्ज करायची नाही, मग ती कितीही चांगल्या कंपनीची असो.

ऑफिसातही विचारून बघा. फ्रान्समध्ये कर्मचाऱ्याच्या पासाचा निम्मा खर्च मालकाने देणं कायद्याने बंधनकारक आहे. कॅलिफोर्नियात 1992 पासून असा कायदा आहे की ठरावीक मालकांनी भाड्याने घेतलेली पार्किंगची जागा कर्मचाऱ्याला सवलतीत दिली, तर ती नको असणाऱ्याला त्या सवलतीएवढे पैसे द्यायचे. तुमच्याकडे तसा नियम नसेलही, पण कंपनी पार्किंगवर खर्च करत असेल तर एचआरला हा प्रश्न विचारण्यात चूक काहीच नाही.

माझा सल्ला: गाडीला आत्ता नाही म्हणू नका, तीन महिने थांबा. पगार झाला त्याच दिवशी गाडीवर गेले असते तेवढे पैसे, म्हणजे पावणेदोन हप्ते, वेगळ्या खात्यात टाका. पास त्यातूनच काढा. रात्री उशीर झाला, कोणाला दवाखान्यात न्यायचं आहे, धो धो पाऊस आहे, अशा वेळी टॅक्सी करा आणि त्यासाठी महिन्याला पाव हप्ता बाजूला धरा. त्यात हात आखडू नका. टॅक्सीला नाही म्हणत म्हणत वैतागलेली माणसं चौथ्या महिन्यात शोरूममध्ये दिसतात. तीन महिन्यांनी खात्यात चार हप्त्यांहून थोडे जास्त शिल्लक राहतील, म्हणजे ई-सायकल रोखीने. तोवर कोणाची तरी चार दिवस उसनी घेऊन चालवून बघा. एसआयपीला हात लावू नका.

या काळात एक वही ठेवा. ज्या दिवशी गाडी नसल्यामुळे खरोखर अडलं, तो दिवस आणि कारण लिहा. "कंटाळा आला" हे कारण चालेल, पण तसंच लिहा. महिन्याला सात-आठ वेळा अडत असेल आणि त्यावर टॅक्सीने भागत नसेल, तर गाडी घ्या, मी अडवणार नाही. पण मग तीन-चार वर्षं वापरलेली घ्या, कर्ज तीन वर्षांच्या वर नको, आणि हप्ता एवढाच की एसआयपी शाबूत राहील.

आठवड्याला निदान 150 मिनिटं मध्यम व्यायाम करावा असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. थांब्याची ये-जा धरून तुमचे रोजचे 20 मिनिटांचे पाय मोकळे होतातच. एक थांबा आधी उतरलात तर पाच दिवसांत 150 मिनिटं पूर्ण. जिमची वर्गणी चालू असेल तर तिच्याकडेही एकदा बघून घ्या.

यजमानांनाही एक दिवस तुमच्याबरोबर बसने न्या. सोमवार सकाळ नको, बुधवार बरा.