सुरण कुकर न लावता गॅसवर तोंडी लावायला कसं करावं? घसा खाजणार नाही ना?

कुकर लावूच नका, सुरणाचा लगदा होतो. पाव किलो दोघा-तिघांना पुरतं. हाताला तेल चोळा आणि सुरण कोरडंच सोला. ओल्या सालीनं हात जास्त खाजतात.

खाज येते ती त्यातल्या कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांमुळं, म्हणून चिंच हवीच. अर्धा सेंटिमीटर जाडीचे काप धुऊन चिंचेच्या पाण्यात मीठ-हळद घालून ८-१० मिनिटं उकळा. सुरी सहज आत जावी, पण काप मोडता कामा नये. ते पाणी ओतून टाका. इथं घाई अजिबात नको, कच्चं सुरण हमखास घसा धरतं.

निथळलेल्या कापांना आपली कांदा-लसूण चटणी चोळा. चटणी घरची असेल तर दुसरा मसाला घालू नका, खरंच गरज नसते. तांदळाच्या पिठात थोडा रवा मिसळून घोळवा आणि लोखंडी तव्यावर मध्यम आचेवर दोन्ही बाजू खरपूस करा. झाकण नको, काप मऊ पडतात.

गरम ज्वारीची भाकरी आणि आमटीबरोबर लगेच वाढा. चिंच नसेल तर आमसुलंही चालतात.